टेकडीवरून दिसलेलं पाणी

नळाच्या पहिल्या धारेला क्लोरिनचा वास आला की मला बारवी धरणामागची ती टेकडी आठवते. जन्मभर पहाटे उठून ड्रम भरणाऱ्या आईला हे पाणी येतं कुठून ते एकदा बघायचं होतं, म्हणून ती दुखऱ्या गुडघ्यांनी चढत होती. "परत फिरूया," मी म्हणालो. "ड्रम भरलायस कधी? मग गप चल." माथ्यावर वाऱ्याने गवत आडवं होत होतं आणि खाली विरळ धुक्यात पाणीच पाणी पसरलं होतं. मग घरून आणलेल्या बाटलीतलं उरलेलं पाणी आईने उतारावर ओतलं. "जा बाई, उद्या नळाला भेट." आजही पाणी आलं, ड्रम भरला, पण आई गेल्यापासून मला नळ लगेच बंद करवत नाही.