डब्यावरचा नेम

चैत्र सरत आला की आमच्या विंझरच्या आमराईत सकाळी एक वास दाटून येई. एकेक चावा घेऊन फेकलेल्या कैऱ्यांचा, त्यांच्या चिकाचा, आंबट-तुरट वास. तो नाकात शिरला की समजावे, वानरे येऊन गेली. माणसाने वर्षभर झाड जपावे आणि वानराने फांदीवर निवांत बसून त्याची नासाडी करावी, हा निसर्गाचा न्याय असेलही. पण नव्वदचे दशक सरतानाच्या त्या उन्हाळ्यात मी त्या न्यायाला अगदी विटून गेले होते.

आमच्याकडे वानरावर छरा झाडत नाहीत. ते मारुतीचे. म्हणून उंच फांदीला तेलाचा रिकामा डबा टांगायचा आणि छऱ्याच्या बंदुकीने नेम धरायचा तो डब्यावर. ठण्ण झाले की टोळी टेकडीपलीकडे पसार होते. राग निघतो पत्र्यावर, पाप लागत नाही आणि कैरीही वाचते! मात्र या शहाणपणाला एक अट आहे. नेम चुकता कामा नये.

त्या वर्षी यांचा नेम चुकू लागला. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची, असे डॉक्टरांनी सांगितले होते. एका सकाळी छरा डब्याला न लागता पलीकडच्या फांदीत घुसला, पोटाशी पिलू धरून बसलेल्या वानरीच्या अगदी जवळ. हे दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "बंदुकीला दुर्बीण लावू. मग न्हाई चुकायचं." मुलगी सासरी, मी सकाळच्या शाळेत शिकवायला, राखणीला हेच. आणि राखण सुटली तर या माणसाकडे उरणार काय होते? मी हो म्हटले.

पहिली दुर्बीण पुतण्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली. शिकारीच्या मोठ्या रायफलीवरची, म्हणे. जी गोळीचा दणका सोसते ती छऱ्याला का भिईल, असा आम्ही सरळ हिशेब केला. आठवडा गेला नाही तोच आतली नेमाची फुली कलंडली आणि काच खुळखुळ्यासारखी वाजू लागली. मग नसरापूरला गाडी बदलत, एसटीच्या दांड्याला लोंबकळत आम्ही भोर गाठले. तिथे इब्राहीमभाईंचे कुलपे, बॅटऱ्या आणि छऱ्याच्या बंदुकांचे दुकान होते; यांची बंदूकही तिथलीच.

"हितंच समदे फसतात, वहिनी," ते म्हणाले. "मोठी रायफल नुसती मागं ढकलती. हिची स्प्रिंग आधी मागं ढकलती, मग पुढं हिसका देती. त्या पुढच्या हिसक्यात काच सुटती." छोटी, साधी, एकाच मापाने मोठे दाखवणारी दुर्बीण घ्या, फिरवायचे भाग जितके कमी तितकी ती टिकेल, आणि घेताना लांबचा डोंगर पाहू नका, जवळची पाटी स्वच्छ दिसते का ते पाहा, असे त्यांनी समजावले. यांनी दुर्बीण डोळ्याला लावून समोरच्या हॉटेलाची पाटी न अडखळता वाचली. मला केवढा धीर आला! परवडणारी आणि टिकाऊ वस्तू मिळाल्याचे समाधान थकलेल्या जिवाला फार लवकर होते. किती टिकेल हे आपण वस्तूलाच विचारतो. ती वापरणाऱ्या माणसाला विचारण्याचे धैर्य कुणाला असते?

दुसऱ्या दिवशी आमराईत त्यांनी बंदूक खांद्याला लावली, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "झ्याक दिसतोय डबा." मी शेजारीच उभी होते. दुर्बिणीच्या पुढच्या काचेवरचे काळे टोपण तसेच होते.

तो अंधार त्यांनी आपल्याच डोळ्यांचा समजला होता, आणि माझी भोरची खेप वाया जाऊ नये म्हणून ते 'दिसतोय' म्हणाले होते. हॉटेलाची पाटी तर त्यांना वर्षानुवर्षे पाठच होती. मी हात पुढे करून टोपण काढले. ते दचकले, पुन्हा डोळा लावला. खूप वेळाने म्हणाले, "आता उजेड हाय. डबा न्हाई." आणि बंदूक माझ्या हाती दिली.

मी पाहिले. डबा हात लावावा इतका जवळ आला होता, आणि त्याच्या मधोमध यांच्या इतक्या वर्षांच्या नेमाचे खळगे दाटीने पडले होते. कडेला एकही नव्हता.

शाळेला सुट्टी लागल्यावर त्यांनी मला शिकवले. खांदा कसा सैल ठेवायचा, श्वास कुठे थांबवायचा, आवाजावरून छरा कुठे बसला ते कसे ओळखायचे. दुर्बीण टिकली, पुढेही बरीच वर्षे टिकली. सकाळी मी डबा वाजवी, हे ओट्यावर बसून ऐकत. "मधोमध?" ते तिथूनच विचारत. "मधोमध," मी म्हणे. माझा छरा बहुतेक वेळा काठालाच लागलेला असे, आणि काठाचा आवाज बारीक येतो. "झ्याक," ते म्हणत.