पायाखालचा स्क्रीन

माझ्या भावोजींना गेमिंग पीसीत दुसरं ग्राफिक्स कार्ड बसवायचं होतं, आणि बसवायचं नव्हतंही. आधी म्हणाले, पॉवर सप्लायला झेपणार नाही. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथून मोठा आणून लावला. मग म्हणाले, दोन कार्डं शेजारी बसली की डबा तापेल. मी पंखे वाढवले. मग म्हणाले, दोन कार्डं घातली म्हणून गेम काही दुप्पट पळत नाही. ते खरं होतं, पण पळवायचं होतं कुणाला? जुन्या कार्डाला स्क्रीन जोडायच्या दोनच जागा होत्या आणि दोन्ही भरलेल्या. आम्हाला तिसरा स्क्रीन हवा होता, बस्स. "नाचता येईना, अंगण वाकडं," असं मी तोंडावर म्हटलं, तर हसलेसुद्धा नाहीत. एरवी मेव्हणीचा टोमणा हा माणूस उधार ठेवत नाही.

भावोजी क्रेन चालवतात. म्हणजे चालवायचे. उंच इमारती बांधताना खांबासारखी उभी करतात ती क्रेन, वर काचेची एवढीशी खोली असलेली. त्या खोलीची जमीनही काचेची. चालवणारा आपल्या दोन पायांच्या मधून खाली बघतो, कारण आकडा, आकड्याला लटकलेला माल आणि माल बांधणारी माणसं, सगळं तिथेच दिसतं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे घरी जेवतानाही त्यांची मान खाली. ताई म्हणायची, "ताटात काय आकडा शोधताय?"

त्यांच्या कामात एक रीत आहे. माल माणसांच्या बाजूला वळवायच्या आधी वरून भोंगा वाजवायचा आणि खालच्यांनी मागे सरायचं. त्या दिवशी वारा सुटला होता. भावोजींनी भोंगा वाजवला, पण खालच्या एकाला तो ऐकूच गेला नाही. तो जागचा हलला नाही, आणि वर मालाची साखळी सुटली. सळ्यांचा भारा त्याच्या अगदी शेजारी पडला. माणूस वाचला, त्याची पाण्याची बाटली तेवढी कागदासारखी चपटी झाली. भावोजींना हे सगळं पायांमधून दिसलं आणि ते खुर्चीतून उठेनात. दोघांनी वर चढून त्यांना धरून धरून खाली आणलं. तेव्हापासून ते गोदामात बसून नट-बोल्ट मोजून देतात.

आता कंपनीने नवी क्रेन उभी केली होती. "तुम्ही चढता, की दुसरा माणूस बघू?" असं साहेबांनी विचारलं होतं, आणि उत्तर सोमवारी द्यायचं होतं.

गाड्यांच्या शर्यती खेळायला घेतलेल्या त्या पीसीवर भावोजी हल्ली क्रेनचा गेम खेळत. समोरच्या आणि बाजूच्या स्क्रीनवर हात कसा सफाईने चालायचा! पायाखालचं दृश्य मात्र त्यांनी बंद ठेवलेलं. म्हणून ही युक्ती मी काढली: तिसरा स्क्रीन जमिनीवर आडवा ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना पाय सोडून बसायचं. जमलं तर चढायचं, नाही तर गोदाम आहेच.

"कसली ही नसती उठाठेव?" ताई माझ्यावर खेकसली. "गोदामातून संध्याकाळी घरी येतात, पुरे आहे मला."

"क्रेनवरूनही येतच होते की."

"येतील की नाही, हा घोर रोज मला होता. तुला नव्हता."

पण मी हट्टी आहे, आणि रविवारी दुपारी कार्ड घेऊन हजर झाले. डबा त्यांनी स्वतः उघडला. स्क्रू दोनदा त्यांच्या हातून आत पडला. शेवटी कार्ड मीच दाबून बसवलं, वायर जोडली आणि दुकानातला जुना स्क्रीन त्यांच्या खुर्चीपुढे जमिनीवर टेकवला. चालू केलं मात्र, आणि फरशीला विहिरीसारखं भोक पडलं. स्क्रीन माझ्याच दुकानातला, तरी मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. फरशी पुसताना मुलं घेतात तसे भावोजींनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. चेहरा पांढराफटक.

"बंद करू का?"

"नको. खाली कुणीच नाहीये गं. माणसं घालता येतात का?"

मी शोधून कामगार चालू केले. पिवळ्या टोपीची चित्रं खाली इकडेतिकडे फिरायला लागली, तसा भावोजींचा श्वास मोठ्याने ऐकू येऊ लागला. त्यांनी माल उचलला आणि भोंग्याचं बटण दाबलं. चित्रं आपली तशीच चालत राहिली.

"बघ, ऐकतच नाहीत," ते म्हणाले. आवाज रडवेला झाला होता. "त्या दिवशीही असंच झालं."

"अहो, चित्रं आहेत ती! त्यांना कुठले कान?" मी ओरडले, कारण मलाही भीती वाटायला लागली होती. वाटलं, नको होतं हे करायला. बऱ्या होणाऱ्या माणसाला मी पुन्हा पाडलं.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली आणि त्या स्क्रीनच्या कडेला उभी राहिली. भावोजींचं लक्ष खालीच होतं. त्यांनी पुन्हा भोंगा वाजवला, या वेळी चांगला लांबलचक. ताई दचकून झटकन मागे सरली, चहा फरशीवर सांडला.

भावोजींनी तिची पावलं मागे जाताना पाहिली. "ऐकलं हिने," ते त्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले. मग त्यांनी आपले पाय खाली सोडले, स्क्रीनच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, आणि ताई जिथून सरली होती त्या बाजूने माल सावकाश वळवून खाली टेकवला.

"सोमवार कशाला? आत्ताच सांगतो," असं म्हणत ते फोन घेऊन गॅलरीत गेले. शब्द स्पष्ट ऐकू आले. "हो साहेब. चढतो."

ताई फडकं घेऊन चहा पुसायला बसली होती. तिचा हात थांबला. तिने आपल्या पावलांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी कशाला गं हलले?" ती म्हणाली.