बुडणारा माणूस ‘हाय’ म्हणाला

मंडळी, दुपारी रेवदंडा बंदरावरून परतले, तेव्हापासून कशातच लक्ष लागत नाहीये.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. मच्छीमारांसाठी आमचं अ‍ॅप सोमवारी सुरू होतंय. समुद्रात अडकलात, तर फोनशी बोलून मदत मागायची. संगणकाने आपोआप घेतलेल्या सगळ्या चाचण्या पास झाल्या. तरी मन मानेना, म्हणून फोन एका नाखवांच्या हातात दिला.

अ‍ॅपने विचारलं, “तुम्ही संकटात आहात का?”

नाखवा म्हणाले, “हाय.”

“हाय! आपण कसे आहात?”

नाखवांना हसू आवरेना. “ताई, मी बुडतोय नि ह्यो माजी खुशाली इचारतोय!”

मग ते दोनदा “व्हय, व्हय” म्हणाले. अ‍ॅप म्हणालं, “समजलं नाही,” आणि बंद झालं.

मॅनेजरला लगेच फोन केला. उत्तर आलं, “मॅडम, सगळं पास आहे. शिकतील लोक ‘हो’ म्हणायला.”

बुडताना?

त्या चाचण्यांसाठी शब्द मीच दिले होते. ‘हो’ आणि ‘नाही’, एवढेच. माझ्या आजोळी सगळे ‘व्हय’ म्हणतात, तरीही.

तुमच्या घरी ‘हो’ला काय म्हणतात? आजच खाली लिहा, हात जोडते. माझं एकटीचं कुणी ऐकत नाहीये.