रक्तात उतरलेला मार

निशातगंजच्या पुलाजवळ आमच्या गाडीचा आरसा एका मोटरसायकलला घासला. नवरा काच खाली करून "माफ करना, भैया" म्हणतोय तोच मोटरसायकलवाल्यांनी त्याची गचांडी धरून त्याला बाहेर ओढलं. तिघे होते, हातात हॉकी स्टिक आणि दांडके. मांड्यांवर, पाठीवर, खांद्यांवर बडवत राहिले, तो खाली कोसळल्यावरसुद्धा. मी धावले आणि एकाच्या मनगटाला कडकडून चावले. त्याचं रक्त माझ्या जिभेला लागलं. त्याने दुसऱ्या हाताने मला बॉनेटवर आपटलं. लोक बघत होते. दमल्यावर तिघे निघून गेले.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं. "किस्मत अच्छी है," म्हणत डॉक्टरांनी गोळ्या देऊन घरी पाठवलं.

सकाळी नवऱ्याने बाथरूममधून हाक मारली, "अगं, हे बघ जरा." लघवी कोऱ्या चहासारखी काळी होती. उत्तरेतल्या या शहरात मी एका संशोधन संस्थेत एन्झाइम्सवरच काम करते. बघताक्षणी ओळखलं आणि मुलाला हॉस्पिटलसाठी गाडी काढायला लावली.

कॉलेजात जाणारा मुलगा गाडी चालवत होता. घरात मराठी ऐकतो, बोलतो हिंदीच. "मम्मा, हड्डी तो टूटी नहीं, फिर?"

"शरीरातलं जवळपास प्रत्येक रासायनिक काम एन्झाइम्स उरकतात," मी म्हणाले. "ती नसती तर घास पचायला वर्षं लागली असती. स्नायूंत एक एन्झाइम असतं, झटक्यात जोर पुरवणारं. बाबांचे स्नायू चेचलेत, पेशी फुटल्यात, आतलं सगळं रक्तात सांडलंय. एन्झाइम मोजून कळेल किती फुटलंय ते. पण स्नायूंतलं लाल द्रव्यही सांडलंय, त्यानेच लघवी काळी झाली; ते किडनीत अडकतं, आणि ती बंद पडते."

"मतलब मार अभी चल रही है?"

"हो, आतून," मी म्हणाले. मागच्या सीटवर नवरा कण्हत होता.

लॅबवाल्यांचा एन्झाइमच्या प्रचंड आकड्यावर विश्वास बसेना; त्यांनी रक्त पुन्हा तपासलं. तेवढंच आलं. डायलिसिस सुरू झालं. मशीनशेजारी बसून मला एकच गोष्ट जाळत होती: ते दांडके उचलणाऱ्या दंडांनाही हेच एन्झाइम इमानदारीत जोर पुरवत होतं. कुणासाठी, कशासाठी, त्याला काय! मला त्या तिघांचे दंड चेचायचे होते. अजूनही वाटतं.

लघवी हळूहळू निवळली, नवरा घरी आला. पोलिसांना कुणी सापडलं नाही. नवरा परत गाडी चालवतो, पण काच खाली करत नाही.