पंखा म्हणाले, कूलर होता

एप्रिलातल्या एका दुपारी आमच्या गल्लीतली एक बाई ज्वारीचा डबा कडेवर घेऊन दारात उभी राहिली. "वैनी, गिरणी टाकली म्हणं तुम्ही. जरा बारीक दळून द्या." मी जिन्यातच होते. त्या उन्हाळ्यात मी सदानकदा जिन्यातच असायचे, एक तर वर चाललेली नाहीतर खाली. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतून मशीनचा घूंऽऽ आवाज येत होता, आणि तो ऐकून कुणालाही गिरणीच वाटली असती. मी म्हणाले, "गिरणी न्हाई बाई, कॉम्प्युटर हाय." तिनं वर बघितलं आणि विचारलं, "मग एवढा कशाला वरडतो?" खाली दुकानात आमचे हे साखर जोखत होते, ते पोट धरून हसले. मला असा राग आला की बस्स.

लातुरात आमचं किराणा दुकान आहे, आणि वर आम्ही राहतो. मशीन बहिणीच्या मुलानं हैदराबादहून पाठवलं होतं. त्याच्याकडं बिटकॉइन काढायची अशी चार-पाच मशीनं. जगभरातली अशी यंत्रं दिवसभर एकच आकड्यांचं कोडं सोडवत बसतात, सुटलं की थोडं बिटकॉइन पदरात पडतं, एवढं त्यानं मला फोनवर सांगितलं आणि एवढंच मला कळलं. त्यातलं एक बंद पडलेलं होतं. "मावशी, तुला मोटारीचं कळतं. बघ जमलं तर. नाही जमलं तर भंगारात दे."

नाही जमलं तर! मला तेच लागलं.

कारण माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, नांदेडला विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी भरायचे. जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी भरायची, वार्निश करायचं, पेटीत सुकवायचं. मी दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी पाटावर बसून तारेचे वेढे मोजायचे. एकोणीस वर्षांची असताना पाच हॉर्सपॉवरची एक मोटार मी एकटीनं भरली, पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत. भोकरकडचा एक शेतकरी ती न्यायला आला. मोटार लावून बघितली, खूश झाला, म्हणाला, "अप्पा, कुणी भरली?" मी तिथंच उभी होते, हाताला अजून वार्निश होतं. अप्पा म्हणाले, "मी भरली." दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी लातुरात डाळ-तांदूळ जोखायला बसले.

तेवढी दोन शब्दांची गोष्ट, पण ती माझ्या मनातून कधी गेली नाही. खोटं कशाला बोलू? ते मशीन मला बिटकॉइनसाठी नको होतं. अप्पांनी एकदा, फक्त एकदा, म्हणावं की हे हिनं केलं, हिच्या हातात कसब आहे, एवढंच हवं होतं. अप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे. हात थरथरतात, तरी रोज शटर उघडून दुकानात बसतात. माझ्याकडं वेळ किती होता?

मशीन म्हणजे बुटाच्या खोक्याएवढं लोखंडी धूड. पुढं दोन पंखे, मागं दोन, पोटात तीन लांब बोर्ड आणि त्यांच्यावर बारीक बारीक चिप. पहिल्या दिवशी मी ते घरातल्या साध्या एक्स्टेन्शनवर लावलं आणि पाच मिनिटांत मला वास आला. तार भाजल्याचा वास मला झोपेतही कळतो. झटकन बटण बंद केलं, बघते तर प्लगची एक पिन पिवळी पडलेली. मग मीटरपासून वेगळी जाड लाईन ओढून घेतली. वायरमन म्हणाला, "ताई, एसी बसवून राहिलात का?" म्हणलं, हाव, तसंच समज.

चालू झालं, पण मोबाईलवर मशीनचं पान उघडलं तर तीनातले दोनच बोर्ड दिसायचे. तिसरा गायब. मी ते खोललं, आतली चपटी वायर काढली, तिची टोकं दुकानातल्या खोडरबरानं घासली, परत दाबून बसवली. तिसरा बोर्ड आला! मी जिन्यावरून ओरडत खाली गेले. हे म्हणाले, "मिळतं किती त्यातनं?" काय सांगायचं अशा माणसाला!

मग मागून खर्रखर्र आवाज सुरू झाला. मी अप्पांना फोन लावला. अप्पांची पद्धत अशी, की स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतलं सगळं ऐकू येतं म्हणे. आता लातुरातून नांदेडला स्क्रूड्रायव्हर कसा पोचणार? मी फोन मागच्या पंख्यांसमोर धरला. अप्पांनी तिकडं डोळे मिटले असणार. मग म्हणाले, "दोन पंखे हायत. एकाचं बेअरिंग सुकलंय. एकेक हातानं फिरवून बघ." उजवीकडचा निघाला. तो बदलला तेव्हा आवाज असा साफ झाला की मला नाचावंसं वाटलं. "अप्पा, बरोबर होतं तुमचं." तर म्हणतात, "माझं बरोबरच असतंय." माझ्याबद्दल एक अक्षर नाही!

मे लागला आणि सगळं बिघडलं. पत्र्याची खोली, बाहेर ऊन नुसतं भाजणारं, आणि मशीन पुढून हवा ओढून मागून गरम सोडणार. तीच गरम हवा खोलीत फिरून परत पुढून आत. चिपचं तापमान चढत चढत जायचं आणि मशीन आपोआप बंद पडायचं. मी दुकानातले रिकामे तेलाचे डबे घेतले, दोन्हीकडचे पत्रे कापले आणि एकाला एक जोडून मशीनच्या पाठीपासून खिडकीबाहेर नळकांडं काढलं. गरम हवा बाहेर जायला लागली. गच्चीवरच्या कुंडीतली तुळस वाळली म्हणून सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत, पण मशीन दुपारी एकपर्यंत टिकायला लागलं. एकनंतर परत बंद.

मला चैनच पडेना. पोळी तव्यावर टाकून मी मोबाईल बघायचे, आकडा चढला की जिना चढायचे. वर जाऊन तरी काय करणार? तिथं उभं राहून घाम पुसायचा आणि परत खाली यायचं. पोळ्या करपल्या, गिऱ्हाइकाला पोह्याऐवजी मुरमुरे बांधून दिले. "जरा बूड टेकव की एका जागी," हे म्हणायचे. बूड टेकवलं की वाटायचं, वर आत्ताच काहीतरी जळतंय.

मग मी ते केलं जे आमच्याकडच्या कुणीही माणसानं केलं असतं. आमच्याकडं तापलेल्या कशावरही एकच इलाज, कूलर लावा. पेशंट असो, पाहुणा असो, लग्नाचा मांडव असो. मी हॉलमधला मोठा लोखंडी कूलर दोघा हमालांकडून वर चढवला, नवं गवत भरलं, आणि त्याचं तोंड सरळ मशीनच्या पंख्यांकडं केलं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, म्हणून टाकीत बोअरचंच पाणी ओतलं. दहा मिनिटांत आकडा असा खाली आला की माझा विश्वास बसेना. दुपारी दोनला मशीन चालू! तीनला चालू! चारला चालू!

मी धावत अप्पांना फोन लावला. "थंड कसं केलंस?" त्यांनी विचारलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पंखा लावलाय मोठा." का म्हणाले तसं? विजेच्या वस्तूपाशी पाणी नेलं की अप्पांचा पारा चढतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. तेवढ्यासाठी मार खाल्लेला आहे. मला त्या दिवशी शिव्या नको होत्या, दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. अप्पा म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

महिनाभर मशीन चाललं. मग एका सकाळी एक बोर्ड गेला. दोन दिवसांनी दुसरा. मी खोडरबर घासघास घासला, वायरी बदलून पाहिल्या, काही नाही. शेवटी तिसराही गेला आणि नुसते पंखे फिरत राहिले. मी खोलीतल्या खुर्चीवर बसून ढसाढसा रडले, मग डोळे पुसून फोन लावला आणि परत पंख्यांसमोर धरला. अप्पा म्हणाले, "आवाज चांगलाय. रोग पोटात हाय. घिऊन ये."

तांदळाच्या पोत्यात मशीन बांधून मी नांदेडच्या एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, काय हाय पोत्यात?" म्हणलं, "गिरणी." कोण समजावत बसणार? अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा सगळे चहाला उतरले, मी पोतं सोडून हलले नाही. सगळ्या वाटेत मी मनातल्या मनात अप्पांशी भांडत होते. पंखाच होता, पंखाच होता, असं घोकत होते.

दुकानात मशीन खोललं. अप्पांनी चष्मा वर केला, एक बोर्ड उजेडात धरला. चिपच्या कडेनं पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत होतं. त्यांनी नखानं खरवडलं, आणि चक्क जिभेला लावलं.

"खारं," ते म्हणाले. "बोअरचं पाणी उडालंय ह्याच्यावर. पंखा म्हणली होतीस ना तू?"

लहानपणी मार खायला उभी राहायचे, तशीच मी उभी राहिले. पन्नाशी आली तरी! "कूलर होता अप्पा," मी म्हणाले. "तुम्ही रागावला असता. आणि मला वाटत होतं, तुम्ही एकदा तरी चांगलं म्हणावं."

मला वाटलं आता स्फोट होणार. पण अप्पांनी बोर्ड खाली ठेवला आणि म्हणाले, "बॅटरीत घालायचं पाणी आण. त्यात खार नसतोय. खारानं खाल्लेलं त्यानंच धुऊन निघतंय."

दोन दिवस आम्ही तेच करत होतो. मी ब्रशनं एकेक चिप धुवायची, अप्पा भिंग धरून सांगायचे, इथं राहिलंय, तिथं राहिलंय. मग बोर्ड सुकवायच्या पेटीत. तीच जुनी लाकडी पेटी, आत बल्ब लावलेली, ज्यात माझ्या लहानपणी भरलेल्या मोटारी सुकायच्या. बल्बच्या उजेडात ते बोर्ड बघताना मला धड बसवत नव्हतं. उठून बघायचे, झाकण उघडायचे. अप्पा खेकसले, "झाकण उघडलं तर सुकंल कसं? आणि हे बी ऐक. दुपारच्याला बंद ठेवत जा की मशीन. त्याला काय शाळा हाय का रोज जायला?" खरंच की! तीन महिन्यांत बंद ठेवायचं काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दोन बोर्ड उठले. दुकानभर घूंऽऽ झालं. तिसरा बोर्ड मेलेलाच, तरी मी तो मांडीवर घेऊन ब्रश फिरवत होते. तेवढ्यात एक शेतकरी आला, पंपाचा कंडेन्सर हवा होता. भोकरकडचा. गोष्टीतून गोष्ट निघाली आणि तो म्हणाला, "अप्पा, आमच्या म्हाताऱ्यानं तुमच्याकडून पाच हॉर्सपॉवरची मोटार भरून नेली होती. अजून विहिरीवर चालून राहिली बघा. तसा हात आता कुणाचा न्हाई."

माझा ब्रश थांबला. मला वाटलं, आता अप्पा मान हलवतील, आणि मी गप्प बसेन, तेव्हा बसले तशीच. मी बोर्डाकडं बघत राहिले. वर बघायची हिंमतच नव्हती.

"ती म्या न्हाई भरली," अप्पा म्हणाले. मशीनच्या आवाजात त्यांना ओरडावं लागत होतं. "हिनं भरली. ही माझी लेक. एकोणीस वर्षांची होती तवा. तुझ्या बापाला म्या खोटं सांगितलं."

शेतकरी माझ्याकडं बघायला लागला. त्यानं हात जोडले. "अप्पा," मी म्हणाले, "एवढं म्हणायला तीस वर्षं लावलीत होय हो?"

"तुला बी कूलर म्हणायला महिना लागलाच की," अप्पा म्हणाले.

मला हसू आलं आणि हसता हसताच डोळे वाहायला लागले. पदर शोधायला हात मोकळा नव्हता, हातात ब्रश, मांडीवर बोर्ड. अप्पांनी पुढं वाकून तो बोर्ड माझ्या मांडीवरून उचलला आणि बाजूला धरला.

"ह्याच्यावर नको रडू," ते म्हणाले. "ते पाणी बी खारंच असतंय."