दुहेरीत तिसरी

टेनिसमध्ये दोघींनी मिळून हरण्याला दुहेरी म्हणतात, आणि माझं सगळं करिअर दुहेरीतच झालं.

एकेरीत हरल्यावर दोष कुणाला द्यायचा हा मोठा प्रश्न असतो. दुहेरीत तो नसतो. (जोडीदारालाही नसतो, हे मला जरा उशिरा कळलं.) आमचं घर पेणजवळ, खाडीकाठी. आजोबांची मिठागरं होती, पप्पांचे ट्रक आहेत. ज्या कंपनीत पप्पा माल उतरवायचे तिच्या कॉलनीत टेनिसचं कोर्ट होतं, आणि माल उतरेपर्यंत पोरीनं ट्रकखाली खेळू नये म्हणून ते मला तिथे सोडून जायचे. एवढीच काय ती माझ्या कारकिर्दीची प्रेरणा! पुढे मी देशोदेशी हिंडले, स्वस्त हॉटेलांत राहिले, हरले, जिंकले, पुन्हा हरले. आईनं मला खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग किहीमजवळच्या एका क्लबानं व्यावसायिक स्पर्धा भरवली.

माझी जोडीदार तेव्हा डोरा होती, हंगेरीची. उंच, अबोल, जाळ्याजवळ भिंतीसारखी उभी राहणारी. आमचा मोसम वाईट गेला होता आणि तिनं मला सरळ सांगून टाकलं होतं, "इथे अंतिम फेरी गाठली तर पुढेही एकत्र खेळू. नाहीतर मी दुसरी बघते." दुहेरीत अशा गोष्टी चहा मागवल्यासारख्या बोलतात. डोरासारखी दुसरी मला मिळणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. म्हणजे उपांत्य सामना माझ्यासाठी निर्वाणीचा. नेमका त्याच दिवशी पप्पांचा टेम्पो अलिबागला रिकामा चालला होता.

आई, दोन काक्या आणि जेवणाचे डबे कोर्टच्या मागच्या कुंपणाला खेटून बसले.

इथे दुहेरीतली एक गोष्ट सांगायला हवी. मी सर्व्हिस करते तेव्हा डोरा पुढे जाळ्याशी असते आणि पाठीमागे हात नेऊन मला खूण करते. मूठ म्हणजे, मी जागेवरच थांबणार. उघडा पंजा म्हणजे, मी तुझ्या बाजूला झेप घेणार, तू पळत येऊन माझी बाजू सांभाळ. समोरच्या जोडीला हा हात दिसत नाही. मला दिसतो. आणि माझ्या मागे बसलेल्या माणसालाही दिसतो.

"ए बाय!" पहिल्याच सर्व्हिसला मागून आवाज आला. "ती बघ पाच बोटं दाखवतेय तुला! काय मांगतेय गो ती?"

(आमच्याकडे लेकीला बाय म्हणतात.) डोरानं वळून बघितलं.

"त्या बाई निघाल्या का? 'बाय' म्हणाल्या."

"नाही," मी म्हटलं. "दुर्दैवानं नाही."

"तुझ्या ओळखीच्या आहेत?"

"छे! पर्यटक असतील."

डोरानं सभ्यपणे आईला हात हलवून निरोप दिला. आईला वाटलं, ही आपल्याला हाकलतेय.

"आता मूठ दाखवली! बाय, जपून! बुक्का मारील ती!"

समोर एक थायलंडची मुलगी होती आणि तिची जोडीदार सायली. सायली सांगलीची. हे मी त्या क्षणी विसरले होते, आणि हाच तो क्षण होता जेव्हा ते विसरायला नको होतं. आई ओरडायची, "पंजा!" डोरा झेपावायची, आणि सायली डोराच्या सोडलेल्या जागेत, मी पोचायच्या आत, निवांतपणे चेंडू ठेवायची. आई ओरडायची, "मूठ!" आणि सायलीचा चेंडू डोराला टाळून बरोबर माझ्या पायांत!

बाजू बदलली की आम्ही पलीकडे जायचो. आई, काक्या आणि डबेही कोर्टला वळसा घालून पलीकडे यायचे!

शेवटी पंचांनी माईकवरून शांत राहण्याची विनंती केली. पंच तमिळ होते. आई मराठी होती.

"तू गप रे बाबा! माझी पोर हाय ती, तुझी हाय का?"

"त्या काय म्हणाल्या?" पंचांनी मला विचारलं.

"माफी मागतायत," मी म्हटलं.

पहिला सेट गेला. बाजू बदलताना सायली माझ्याजवळून जात हळूच म्हणाली, "काकू फार स्पष्ट बोलतात हं!" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आता खरं म्हणजे कुंपणापाशी जाऊन "आई, गप्प बस" एवढंच सांगायचं होतं. पण मग ती पर्यटक माझी आई आहे हे कबूल करावं लागलं असतं. त्यापेक्षा मी डोकं चालवलं. (ही सवय मला आधीपासून नाही.)

"डोरा, आता खुणा उलट्या. मूठ म्हणजे झेप, पंजा म्हणजे थांब."

"का?"

"वारा बदललाय."

आणि काय सांगू, चालली की युक्ती! आई इमानेइतबारे "पंजा! पंजा!" ओरडत होती, सायली मोकळ्या जागेत मारायला जात होती, आणि तिथे डोरा ठाण मांडून उभी! दुसरा सेट आमचा. आयुष्यात पहिल्यांदा मला आईच्या आवाजाचं कौतुक वाटलं.

मग आईच्या लक्षात आलं.

"अगो, लबाड हाय ही!" ती कुंपण धरून उभीच राहिली. "मूठ दाखवते नि पलते! पंजा दाखवते नि तितंच उभी! माझ्या पोरीला फसवते!"

सायलीनं आईकडे बघून मान डोलावली. अगदी आभार मानल्यासारखी!

तिसऱ्या सेटऐवजी दुहेरीत एक लांबलचक टायब्रेक खेळतात. त्यात आम्ही मागे पडत गेलो तशी मी डोराकडे धावले. "पुन्हा उलट कर!"

"उलट म्हणजे पहिल्यासारखं, की आत्ताचं उलट?"

"उलटचं उलट!"

"म्हणजे कुठलं?"

पंचांनी वेळ संपल्याचं सांगितलं. डोरानं मूठ दाखवली. मी समजले, थांबणार. ती समजली होती, झेपावायचं. आम्ही दोघींनी मिळून कोर्टची डावी बाजू इतकी चोख सांभाळली की तिथून मुंगीसुद्धा गेली नसती. चेंडू उजवीकडून गेला. सावकाश गेला. सामनाही त्याच्याबरोबर गेला.

मग आई आत आली, डोराला जाब विचारायला. पदर खोचलेला, काक्या पाठीशी. डोरानं तिला पाहिलं आणि, "दिवसभर उन्हात बसून ओरडणारी एवढी प्रेमळ प्रेक्षक मला कुठल्याच देशात मिळाली नाही," असं म्हणत तिला घट्ट मिठी मारली. शब्द आईला कळले नाहीत. मिठी कळली.

"केवरी सुकलेय गो पोर!" आई विरघळली. "काय खातं का न्हाय हिच्या देशान?"

डबे उघडले. तांदळाची भाकरी, जिताडा माशाचं कालवण. वासावर सायलीही आली. मला वाढायचं राहून गेलं, ते काकीच्या लक्षात आलं. पर्यटकबाई कोण, हे डोराला सायलीनंच सांगितलं. डोरानं माझ्याकडे बघितलं, आणि आणखी एक भाकरी मागितली.

आठवडाभरात तिचा मेसेज आला. पुढच्या मोसमात ती सायलीबरोबर खेळणार होती.

दोघींचं उत्तम चाललंय. मी कॉलनीतल्या त्याच कोर्टवर लहान मुलांना शिकवते. जवळपास कुठे स्पर्धा असली की डोरा आणि सायली आमच्याकडे जेवायला येतात, आणि आई टेम्पो काढायला लावून त्यांचे सामने बघायला जाते. एकदा मीही गेले सोबत. आई सबंध सामनाभर हाताची घडी घालून बसली. एक शब्द नाही! डोरानं मूठ दाखवली, पंजा दाखवला, आई ढिम्म!

परतताना मला राहवलं नाही. "आई, माझ्या वेळी तू कुंपण हलवलंस. यांच्या वेळी गप्प कशी बसतेस?"

"त्यांना काय सांगाचं?" आई म्हणाली. "त्यांना खेलता येतं."