दवाखान्यातलं मंगळसूत्र

“आधी हे गळ्यात घाल,” आया म्हणाली.

दाराआड खिळ्याला मंगळसूत्र टांगलेलं होतं. काळे मणी, पितळी वाट्या. कुमारी असो, विधवा असो, त्या कामासाठी येणाऱ्या प्रत्येकीने ते घालूनच आत जायचं. बाहेर बसलेल्या रोग्यांना वाटावं, संसारी बाई आहे, पोटात दुखतंय. माझ्या विधवा ताईने मान खाली घातली. आयाने ते तिच्या गळ्यात अडकवलं आणि हसली. “घे, झालीस सवाष्ण.”

मुलांनो, माझ्या लग्नाच्या फोटोत गळा मोकळा का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. त्याचं उत्तर हे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही नायगावच्या चाळीत राहायचो. भावोजी गेल्यावर ताई गिरणीत लागली. तिच्या पगारावर मी कॉलेजात गेले. मग ताईला दिवस गेले. कुणापासून, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. गर्भ पाडणं तेव्हा गुन्हा होता. गिरगावातला हा डॉक्टर ताईनेच निवडला. मोर्चात डोकी फुटलेल्यांना तो पैसे न घेता पट्ट्या बांधायचा. “आपला माणूस आहे,” ती म्हणाली.

इंग्रजीत बोललं तर तो मानाने वागेल, असं मला वाटलं. भूल देणार का, नंतर काय काळजी घ्यायची, मी विचारलं. त्याने वर न बघता मराठीत उत्तर दिलं.

“इंग्रजी कॉलेजात बोल. भूल कशाला? शेण खाताना लागली नव्हती ती.”

मी पडद्याबाहेर बसले. ताईच्या तोंडात तिचाच पदर कोंबला होता. मला फक्त ट्रेमध्ये हत्यारं ठेवल्याचा आवाज येत होता. काम झाल्याबरोबर तिला उठवलं आणि मागच्या जिन्याने घालवलं. त्या घाईत आया मंगळसूत्र काढून घ्यायला विसरली.

घरी ताप चढला. रक्त थांबेना. मी तिला व्हिक्टोरिया घोडागाडीत घालून परत त्याच दवाखान्यात आणलं, बाहेरच्या बाकावर निजवलं. डॉक्टर आला. तिच्याकडे न बघता बसलेल्या रोग्यांना ऐकू जाईल असं बोलला.

“ही बाई माझ्याकडे कधी आलेली नाही. इस्पितळात न्या.”

आया ताईवर वाकली. मला वाटलं, ताप बघते आहे. तिची बोटं ताईच्या मानेमागे मंगळसूत्राचा आकडा शोधत होती. ताई पाणी मागत होती.

मी आयाचं मनगट धरलं.

“हात लावू नका. ती आलीच नव्हती, तर हे तुमचं कसं?”

एका गृहस्थांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. डॉक्टर आत गेला आणि दार लावून घेतलं.

परळच्या इस्पितळात ताई गेली. मी तिथे डॉक्टरचं नाव घेतलं, पोलिसासमोरही घेतलं. त्याचं काही वाकडं झालं नाही. चळवळीच्या पुढच्या सभेत तो व्यासपीठावर बसला होता. टायफॉइड झाला असं सांगायचं, हे घरात ठरलं. “तुझं लग्न व्हायचंय,” आई म्हणाली. मी खोटं सांगायला नाही म्हटलं.

लग्नात मंगळसूत्र पुढे आलं, तेव्हा मला ती बोटं दिसली. मी ते परत केलं. अजूनही भर दुपारी कधी मानेमागे बोटं फिरतात. मी वळून बघते.

ताईच्या गळ्यातलं ते मंगळसूत्र माझ्या कपाटात आहे. ताई टायफॉइडने गेली नाही. त्या डॉक्टरने तिला बाकावर मरायला सोडलं. मी जिवंत आहे तोवर हेच सांगणार. माझ्यामागे तुम्हीही दुसरं काही सांगायचं नाही.